वहीतली चूक

माझ्या ताईनं एकवीस वर्षं जंतू वाढवले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ आहे. घरी आम्ही तिला जंतूंची आई म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, तुमच्यापेक्षा ते बरे, वाढलेलं मुकाट्यानं खातात.

तिचे सर जंतूंच्या आरएनएच्या मागे लागलेले. आरएनए म्हणजे पेशीतल्या कामाच्या चिठ्ठ्या. काम झालं की एक प्रथिन त्या कापून टाकतं. ताई जंतूंमध्ये एक औषध टाकायची, त्यानं नव्या चिठ्ठ्या निघणं बंद होतं. मग दर दोन मिनिटांनी नमुना काढायचा, बर्फात ठेवायचा आणि जुन्या चिठ्ठ्या किती उरल्या ते बघायचं.

आठ वर्षांपूर्वी तिनं हाच प्रयोग उपाशी ठेवलेल्या जंतूंवर केला, तर चिठ्ठ्या सरेचनात. वीस मिनिटांनीही होत्या तेवढ्याच. ती हरखून सरांकडे गेली. त्यांनी कागदावर नजर टाकली न टाकली आणि म्हणाले, औषध टाकायला विसरलात, म्हणून नव्या चिठ्ठ्या निघत राहिल्या. टाकलंय, ती म्हणाली. पुन्हा करून दाखवते म्हणाली. सरांना वेळ नव्हता. तिचा करार त्याच महिन्यात संपत होता आणि तो वाढवणं सरांच्या हातात होतं. तिनं वहीत लिहिलं, ‘औषध टाकायचं राहिलं. चूक माझी.’ खाली सही केली. करार वाढला.

त्यानंतर ताई गॅस बंद केलाय का, हे तीनतीनदा बघायला लागली. कुलूप ओढून जिना उतरायची आणि पुन्हा वर जायची. मी विसरते गं, म्हणायची. वहीचं सगळं मला बरंच नंतर, तुकड्यातुकड्यानं कळलं. मला सरांचा संताप यायचा आणि खरं सांगते, तिचाही यायचा.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच कुठल्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध आला. जंतू उपाशी असले की एक छोटं प्रथिन त्या कापणाऱ्या प्रथिनाला चिकटून बसतं आणि त्याला कापू देत नाही. सर जुनी वही घेऊन ताईच्या टेबलाशी आले. हे आपल्याला आधी दिसलं होतं, म्हणाले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ‘आपल्याला’! औषध टाकलं होतं एवढंच लिहून द्या, म्हणाले.

ताईनं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर तिचंच होतं.

“त्या दिवशी मला पक्कं माहीत होतं, सर,” ती म्हणाली. “आता नाही सांगता येत.”

सर वही तिथंच टाकून निघून गेले.

हे तिनं मला घरी कपड्यांच्या घड्या घालताना सांगितलं. मी भडकले. लिहून द्यायचंस की, म्हटलं, तू टाकलंच होतंस. तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

“खरंच?” तिनं विचारलं. “मी तेव्हा घरी येऊन तुला तसं सांगितलं होतं का गं?”

सांगितलं असेल. मी तेव्हा नीट ऐकलंच नव्हतं.