ओला बोळा

दुकानात आलेल्या कुठल्याही चित्राला फ्रेमवाला आधी ओली करंगळी लावून पाही. कोपऱ्यात, हळूच. बोटाला रंग लागला तर जलरंग, त्याला काच हवी. लागला नाही तर तैलरंग, त्याला काच नको, वरून वॉर्निशचा हात पुरे. कोरडी भुकटीच हाताला आली तर पेस्टल, त्याच्याजवळ शिंकायचंही नाही. गिऱ्हाइकाने छातीठोकपणे "ऑइल आहे हो" म्हटलं, तरी करंगळी लावल्याशिवाय तो खिळा मारत नसे. तीस वर्षं त्याने कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ठेवला तो एका थोरल्या भावावर, तोही न विचारता.

दादाने जन्मभर तैलरंगच वापरले होते. जाड, ठसठशीत फटकारे. लांबून पाहिलं की माणूस जिवंत. वहिनी गेल्यावर त्याने तिचा चेहरा काढायला घेतला. हात कापत होता, म्हणून पाच महिने लागले. सकाळी चित्र देताना तो म्हणाला होता, "आता ब्रश पेलवत नाही रे. हे शेवटचं. पाचला न्यायला येतो."

चित्र जरा मंद दिसत होतं. तैलरंग कधीकधी असे आत मुरतात. धूळ पुसून वॉर्निश दिलं की खुलतात. फ्रेमवाल्याने कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळला आणि वहिनीच्या कपाळावरून गालापर्यंत फिरवला.

बोळा तांबूस झाला. डावा डोळा ओघळून गालावर आला.

त्याने घाईने टीपकागद लावला, तर कागदाबरोबर भुवईही निघाली. तसाच चित्र दोन्ही हातांवर आडवं धरून तो समोरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंकडे धावला.

"अहो, हा पोस्टर कलर आहे," बाई म्हणाल्या. "तेलासारखा जाड लावलाय, इतकंच."

"दादा आणि पोस्टर कलर? पोरांचा खेळ म्हणायचा तो त्याला."

"तैलरंगातल्या टर्पेंटाइनचा वास सोसत नसेल. त्यांना दम्याचा त्रास आहे ना?"

होता. दर महिन्याला डॉक्टरकडे फ्रेमवालाच तर त्याला नेत होता.

"बाई, तुम्ही नीट करा. पाया पडतो तुमच्या."

"रंग जुळवीन हो मी. पण मी वहिनींना कधी पाहिलंच नाही."

"फोटो देतो."

"फोटोवरून फोटोतली बाई येईल. ती त्यांना चालेल?"

फ्रेमवाला परत आला. दादाला काय सांगावं? छत गळलं म्हणावं, की पाण्याच्या भांड्यासकट फळी पडली म्हणावं? छत गळायला बाहेर कडक ऊन होतं. फळी जागेवरून उचलून त्याने जमिनीवर ठेवलीसुद्धा, आणि मग स्वतःचीच शरम वाटून पुन्हा वर चढवली.

पाचला दादा काठी टेकत आला आणि स्टुलावर बसला.

"दे."

"दादा, मी पुसलं."

"काय पुसलंस?"

त्याने चित्र समोर धरलं. दादाने ते डोळ्यांजवळ ओढलं. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मीच सांगायला हवं होतं," दादा म्हणाला. "लाज वाटली. जन्मभर त्या रंगाला नावं ठेवली ना."

"उजवा डोळा शाबूत आहे, दादा. त्याच्यावरून डावा काढ. मी धरतो तुझा हात. बाईंकडून रंग आणतो, आत्ता."

रंग आले. फ्रेमवाल्याने दादाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट आवळलं. पण ती थरथर थांबेना. उलट त्याच्या स्वतःच्या कोपरापर्यंत चढली. ब्रशचं टोक गालाजवळ गेलं, हललं, पुन्हा गेलं.

दादाने ब्रश खाली ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "उरलीय तीही जायची."