बाळंतिणीचं मडकं

"बेबी, हाऊ मेनी डे?" कुणी बाई खायला आली की ती व्हॅनवाली चिनी बाई आधी एवढंच विचारायची. बारा दिवस झाले नसतील तर मडक्यावर झाकण. "नॉट येट," म्हणायची. मग तुम्ही कितीही विनवा.

इथं अमेरिकेत, सनीव्हेलला चिनी दुकानाच्या पार्किंगमध्ये दर शनिवारी तिची व्हॅन उभी असायची. मागचं दार उघडं, आत शेगडी. तुमच्यातलं कुणी तिथं भाजीला गेलं असेल तर तो वास नाकात बसला असेल. आलं, काळं व्हिनेगर, गुळासारखी साखर. त्यात डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी शिजत राहायची. ती चीनच्या कॅन्टनकडची. तिकडं हे बाळंतिणीला देतात, आपल्या डिंकाच्या लाडवासारखं.

आसपासच्या कंपन्यांतली पोरं नुसती चवीला यायची. त्यांच्या पोटाकडं बघूनही ती तेच विचारायची, "बेबी, हाऊ मेनी डे?" पोरं लाजायची. मग ती हसून वाढायची.

मी सुनेच्या बाळंतपणाला आले ती इथंच राहिले. पहिल्यांदा त्या दुकानातून आलं घेऊन निघाले, तर तिनं माझ्या पिशवीत हात घालून ते बघितलं आणि बदलून आणायला लावलं. कोवळं नको, जून आण. माझी सासूपण अशीच होती, पण हिला उलट बोलायला मला भाषा नव्हती.

दोघींचं इंग्रजी मिळून मूठभर. तरी दर शनिवारी मी तिच्या स्टुलावर जाऊन बसायचे. सून विचारायची, "आई, तासभर बोलता तरी काय?" बोलत कुठं होतो. ती आलं सोलायची, मीपण सोलायचे.

व्हॅनमध्ये एक मडकं वेगळं असायचं. त्यात नुसतं आलं आणि व्हिनेगर. ते विकायचं नव्हतं. तिची लेक सॅक्रामेंटोला, लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच हिनं ते घातलेलं. शनिवारी उकळी द्यायची, परत झाकायची. मुरेल तेवढं चांगलं. पाय आणि अंडी बाळ आल्यावर टाकायची.

लेकीला आठवा महिना लागला आणि ही यायची बंद झाली. मला वाटलं, लवकर झालं असेल. पुढं एका शनिवारी व्हॅन दिसली, पण शेगडी थंड. ते मडकं उचलून ती गटाराच्या जाळीकडं निघालेली.

"नो बेबी," म्हणली.

मी मडक्याचा एक कान धरला.

माझा पहिला मुलगा असाच झालेला, न रडता. बाळ नाही तर बाळंतपण कसलं, म्हणले घरात. चौथ्या दिवशी मी रस्त्यावर खडी फोडायला. दूध यायचं, लुगडं भिजायचं, मुकादम तोंड फिरवायचा. वाटीभर पेज कुणी दिली नाही. तेव्हा रडले नाही, आता काय रडायचं. पण हे तिला सांगू कसं? मी पोटाला हात लावला, मग रिकामी ओंजळ दाखवली.

"माय बेबी, सेम," मी म्हणलं. "नो बेबी. बट मदर. शी ईट."

ती माझ्या ओंजळीकडं बघत राहिली. मग बोटांवर दिवस मोजले. लेकीचे बारा कधीच होऊन गेले होते. मडकं शेगडीवर ठेवलं, जाळ केला. दोघींनी अंडी सोलली. मडक्यात ती काळपट होत गेली.

मी डुकराचं खात नाही, ते तिला ठाऊक. पाय टाकायच्या आधी तिनं एका वाटीत अंडं आणि आल्याच्या दोन फोडी काढल्या, वाटी माझ्या हातात दिली. किती दिवस झाले, ते विचारलं नाही. मी खाल्लं. जीभ पोळली.

तिला बघितलं ते तेवढंच. नंतर त्या जागी कुणाकुणाच्या मोटारी लागायला लागल्या. लेकीपाशीच राहिली असेल, असं मी धरते.

त्या दिवशी लेकीकडं निघताना तिनं मडकं पुढच्या सीटवर ठेवलं, टॉवेल गुंडाळला आणि माणसाला लावतात तसा पट्टा लावला. वळणावर व्हॅन इतकी हळू घेतली की मागच्यानं हॉर्न दिला. परत दिला. तिनं वेग वाढवला नाही.