जुम्याला भरणारं ऑफिस

इंग्रजी शिकायला निघालेल्या माणसांच्या गोष्टी संपत नाहीत. मी आमच्या क्लासाचा एक किस्सा सांगायला तोंड उघडतो, तर मागचे चार धक्काबुक्की करत पुढं येतात. ज्याला घाई असेल त्यानं आत्ताच उठावं. मधेच उठलेलं मला चालत नाही!

निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कारभार उर्दूत, आणि तिथल्या खुर्च्या आमच्या आधीच कुणीतरी धरून ठेवलेल्या. मग राहिलं सोलापूर. तिथं इंग्रजांचा अंमल, कंपन्या, आणि इंग्रजी येणाऱ्याला नोकरी. म्हणून आम्ही चार बिनलग्नाचे गडी रोज सकाळी किराणा दुकानाच्या ओट्यावर गोविंदमास्तरांसमोर बसायचो. चौघं म्हणजे दुकानवाला बसाप्पा, अत्तरवाल्यांचा रहीम, बेंबळीहून मामाकडं येऊन राहिलेला मल्लू आणि मी.

खरी नड एकट्या बसाप्पाची होती. तुळजापूरचे व्यापारी गुरुलिंगअण्णा, त्यांची मुलगी त्याला पसंत होती, तिलाही तो पसंत होता. पण अण्णांनी निरोप धाडला, "पुड्या बांधणाऱ्याला पोरगी देनार न्हाय. जावई पायजे तो हापिसातला!" तेव्हापासून बसाप्पाचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

मास्तरांची रीत न्यारी. माणसाचा गुण सांगणारा एकच इंग्रजी शब्द द्यायचे आणि म्हणायचे, "हा आधी अंगी लावा. गुण आपल्या तोंडानं सांगायचा नाही. बाकीचे तिघं 'लागला' म्हणतील, तेव्हाच दुसरा मिळेल." रहीमला 'पंक्च्युअल' मिळाला, मल्लूला 'ऑनेस्ट', लाजऱ्या बसाप्पाला 'कॉन्फिडंट'. मला 'हार्डवर्किंग' दिला होता. तो अजून माझ्याकडंच पडून आहे.

*

रहीमच्या चुलतभावाचा निकाह होता आणि रहीम त्यात गवाह. वेळ सकाळी दहाची. कचेरीच्या पहारेकऱ्यानं दहाचे टोल दिले, तेव्हा मांडवात दोघंच, रहीम आणि आचारी. अकराचे टोल पडले तशी स्वारी उठली आणि घरी येऊन झोपली.

दुपारी नवरदेव आला, काझी आले, वऱ्हाड आलं, आणि गवाहाचा पत्ता नाही! चाचा तणतणत घरी आले. "अरे कमबख्त, कहाँ मर गया था?"

रहीम डोळे चोळत म्हणाला, "चाचा, मैं तो टैम पे आया था. निकाहच टैम पे नहीं आया!"

आम्ही तिघांनी एकमतानं 'लागला' म्हणून सांगितलं. चाचांचं मत काही आम्ही विचारायला गेलो नाही.

*

मल्लूचे वडील बैल विकायला बाजारात आले. जरा पाणी पिऊन येतो म्हणून त्यांनी दावं मल्लूच्या हाती दिलं आणि तिथंच चुकले. गिऱ्हाइकानं बैलाच्या पाठीवर हात फिरवत विचारलं, "कसा हाय?"

"दिसायला लई झ्याक हाय," मल्लू म्हणाला. "पर कामाला जुंपला की बसतो. हाणला तर झोपतो."

वडील परत येईपर्यंत ही खबर बाजारभर झाली होती. ते बैल ओढत थेट आमच्या ओट्याशी आले. "मास्तर, एक तर तुमचा त्यो शब्द माघारी घ्या, न्हायतर ह्यो बैल घ्या!"

मास्तरांनी दोन्हीतलं काहीच घेतलं नाही. बैल पुढं म्हातारा होईस्तोवर बेंबळीत बसून होता.

*

गुण लागोत न लागोत, मग मास्तरांनी हुद्दे शिकवले. मॅनेजर, सुपरवायझर, क्लार्क, प्यून. शुक्रवारी जुम्याची सुट्टी असायची, त्या दिवशी ओट्यावर आमचं ऑफिस भरायचं. बसाप्पाला धीर यावा म्हणून तो कायमचा मॅनेजर, जवारीच्या पोत्यावर. रहीम सुपरवायझर, म्हणजे नुसता उभा. मी क्लार्क, मल्लू प्यून.

एका जुम्याला एक म्हातारा शेतकरी हात जोडून समोर उभा राहिला. "सायेब, शेजाऱ्यानं माझा बांध कोरला."

"बाबा, ही कचेरी नाही," मी म्हणालो.

"गरिबाला फशिवता व्हय?" म्हातारा भडकला. "एक बसलाय, एक नुस्ताच हुभा हाय, एक कान कोरतोय आन् एक पानी देतोय. कचेरी न्हाय तर काय हाय मंग?"

किती समजावलं तरी हलेना. शेवटी बसाप्पा पोत्यावरून जन्मात पहिल्यांदा ओरडला, "उद्या या!"

तेव्हा कुठं म्हाताऱ्याची पक्की खात्री पटली. नमस्कार करून समाधानानं गेला. बसाप्पाला 'कॉन्फिडंट' त्या दिवशी लागला.

*

मग सोलापूरच्या एका तेल कंपनीचे साहेब मुसाफिरबंगल्यात येऊन उतरले. त्यांना ऑफिसात एक माणूस घ्यायचा होता. आम्ही चौघंही गेलो, पण नोकरी बसाप्पाला लागावी असंच सगळ्यांच्या मनात होतं.

साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. "स्वतःचे गुण सांगा."

आता आमच्या क्लासाचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. रहीम म्हणाला, "वो बाहरवालों को पूछो." मी म्हणालो, बाहेर विचारा. मल्लू म्हणाला, बाहेर विचारा. शेवटी बसाप्पा आत गेला आणि छाती काढून म्हणाला, बाहेर विचारा!

साहेब तरातरा बाहेर आले. व्हरांड्यात मास्तर होते. "या चौघांना कोणी शिकवलं?"

"मी," मास्तर म्हणाले.

साहेब त्यांना आत घेऊन गेले. बराच वेळ इंग्रजीत बोलणं चाललं. मग मास्तर बाहेर आले, आमच्याकडं न बघता म्हणाले, "क्लास बंद. मला नोकरी लागली!"

मला हसू फुटणार होतं, पण बसाप्पाचं तोंड बघितलं आणि ते गिळलं. फार वाईट वाटलं हो.

*

मास्तर सोलापूरला गेले. आमचं जुम्याचं ऑफिस मात्र सवयीनं भरत राहिलं. तो बांधाच्या तक्रारीचा म्हातारा आमच्या ‘कचेरी’ची बातमी गावोगाव सांगत सुटला असणार, कारण एका जुम्याला खुद्द गुरुलिंगअण्णा ओट्यासमोर येऊन उभे! पोत्यावरचा बसाप्पा बघून त्यांचं तोंड उजळलं.

मल्लूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. अण्णांनी त्यालाच विचारलं, "बसाप्पा तुमचे सायेब व्हय?"

"न्हाय अण्णा," मल्लू म्हणाला. "त्यो पुड्याच बांधतो. आमाला कुनालाच नोकरी न्हाय, म्हनून जुम्याला इथं हापिस-हापिस खेळतो."

बसाप्पा गपचूप पोत्यावरून उतरला. अण्णा सावकाश पाणी प्याले आणि त्यांनी मल्लूला नाव विचारलं, गाव विचारलं, घराणं विचारलं. सगळं त्यांच्या समाजात बसणारं निघालं.

"एवढं तोंडावर खरं बोलनारा मानूस म्या बघितला न्हाय," अण्णा म्हणाले. "खड्ड्यात गेलं हापिस! जावई असा पायजे. तुमचं लगीन झालंय का?"

मल्लूनं एकवार बसाप्पाकडं पाहिलं.

"झालंय की. दोन लेकरं हायती."

अण्णा हळहळले. जायला निघाले, पुन्हा वळले. "बरं, तुमी खोटं बोलनार न्हाय. तुमीच सांगा, ह्यो बसाप्पा कसा हाय?"

"दिसायला बेताचा हाय," मल्लू म्हणाला. "पर कामाला जुंपला की बसत न्हाय."

बसाप्पाच्या लग्नात अण्णांनी मल्लूला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं, आणि इकडं तिकडं बघत विचारलं, "तुमची मंडळी कुठं दिसंनात?"

मल्लू घास न थांबवता म्हणाला, "बाळंतपनाला गेल्यात, अण्णा. तिसरं!"