रोटासाठी मोजलेले गहू

श्रावणात कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, आमच्या घरी माणसागणिक एकेक मूठ गहू घेतात. लग्नापासून ते काम माझ्या पत्नीचं. १९९०च्या आसपासच्या एका श्रावणात मात्र ती अमळनेरच्या घरी खाटेला खिळलेली होती, आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन आशा सोडायला सांगितलं होतं. म्हणून गहू मी मोजले. मुलांच्या, सुनांच्या, नातवांच्या मुठी टाकल्या, शेवटी माझी टाकली आणि हात झटकले.

"मनी मूठ ऱ्हायनी ना," ती खाटेवरून म्हणाली.

"विसरलो."

"ऱ्हाऊ द्या. तुमनी मूठ मोठी शे, तिन्हामा मन्हं भागी जाई." मग देव्हाऱ्याकडे पाहून, सगळं मिळालं म्हणून तिने हात जोडले. "माय, बठ्ठं दिधं तू."

मी विसरलो नव्हतो. ती जिवंत असतानाच मी तिला घरातून वजा केलं होतं. तिच्या सेवेबद्दल भाऊकी आजही माझं कौतुक करते, म्हणून हे लिहून ठेवतो. कधी देव न मानणारा मी आता दर श्रावणात तिची मूठ आधी टाकतो आणि तिच्यासारखे हात जोडून आभार मानतो. माफी मागायला तोंड उघडत नाही.