करिया निपाणीला गेला तेव्हा

हिवाळ्यातल्या दुपारी कौलांमधल्या काचेतून उन्हाचा तिरपा झोत मागाच्या ताण्यावर उतरे, आणि त्या प्रकाशात सुताची सूक्ष्म धूळ इतकी संथ तरंगत राही की काळालाही कसली घाई नसावी असे वाटे. वडगावातल्या आमच्या घरी खळीचा आंबूस वास आणि मागाचा अखंड खटका यांच्याखेरीज दिवसाला वेगळे अंगच नव्हते. माझे वडील, आप्पा, खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबत बसलेले असत, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर करिया झोपलेला असे. माग चालू असला की त्याला गाढ झोप लागे. थांबला की तो दचकून जागा होई.

करिया आमचा कुत्रा. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकूंनी त्याचा काळाभोर रंग पाहून त्याला ‘करिया’, म्हणजे काळा, अशी हाक मारली, आणि तेच त्याचे नाव झाले. त्याला आणले होते माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने. गटाराच्या काठावरून, परकराच्या ओच्यात गुंडाळून. कापसाची वात दुधात भिजवून तिने त्याला जगवले. मी त्याच्या पाठीवर डोके ठेवून कविता पाठ करी, माझ्या ताटातली भाकरी त्याला घाली. तरी तो आक्काचाच होता. ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला बसली की त्याची हनुवटी तिच्या पावलावर टेकलेली असे. आज पन्नाशी ओलांडल्यावर, कचेरीतून परतताना जिन्याच्या मधल्या पायरीवर मी उगीच थांबते, पुढची पायरी चढायची इच्छाच होत नाही, तेव्हा तो उष्ण, श्वासासरशी हलणारा देह आठवतो. त्याच्याइतके निवांत टेकायला पुढे काही मिळाले नाही.

आक्काचे लग्न झाले आणि ती निपाणीला गेली. मांडव उतरला, पाहुणे पांगले, आणि करिया उंबऱ्यावर येऊन रस्त्याकडे तोंड करून पडला. भाकरी तशीच वाळून जाई. आईने दूधभात कालवून पाहिला, मी हाताने भरवून पाहिले. तो माझा हात चाटी आणि मान पुन्हा रस्त्याकडे वळवी. माग चालू असतानाही त्याचा डोळा लागत नसे. बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा एका सकाळी आप्पा माग अर्धाच सोडून उठले. त्यांच्या ओळखीचा एक टेम्पोवाला साड्यांचे गठ्ठे घेऊन निपाणीवरून कोल्हापूरला निघाला होता.

“पोरीकडंच सोडून येतो ह्याला,” ते आईला म्हणाले. “डोळ्यांदेखत मरायला नको.”

मी रडून-भेकून बरोबर गेले. गठ्ठ्यांच्या मध्ये करियाला मांडीवर घेऊन बसले होते. रस्त्यालगतच्या शेतांतून उसाच्या पाचटाचा धूर येत होता. तवंदीचा घाट उतरताना वारा बदलला, आणि त्यात तंबाखूचा उग्र, घशात रुतणारा वास मिसळला. करिया एकसारखा शिंकू लागला.

आक्काचे सासर तंबाखूच्या वखारीला लागूनच होते. हाक ऐकून ती बाहेर आली ती डोक्यावर पदर घेऊन, हात कोपरापर्यंत तपकिरी झालेले, पापण्यांवरसुद्धा तंबाखूची धूळ. मी करियाला खाली सोडले. तो धावला, तिच्या हाताजवळ पोहोचला, हुंगला, आणि थबकून एक पाऊल मागे सरला.

त्या क्षणी आक्काचा चेहरा जसा झाला, तसा मी नंतर कधी पाहिला नाही. लग्नात, पाठवणीत रडतानाही तो असा दिसला नव्हता. ओठ घट्ट मिटून ती खाली बसली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “करिया, मी हाय रं.”

मग मात्र तो तिच्या अंगावर कोसळलाच. कण्हत, लोळत, तिचा पदर ओढत.

तिच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. मी मनाशी त्यांची भीती धरून आले होते, पण त्या सहज म्हणाल्या, “असू दे की हितंच. वखारीला राखण हुईल.”

मी आनंदाने आक्काकडे पाहिले. ती करियाचे कान कुरवाळत होती. मान वर न करता म्हणाली, “नको, आत्याबाई. आप्पा, ह्याला घिऊन जावा.”

“का गं? तुझ्यासाठीच आणलोय न्हवं?”

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा ती हळूच बोलली, “ह्यो हितं दिसभर वडगावच्या वाटंकडं बघत बसंल, आप्पा. मी एकटी बसतो तेवढं बास हाय.”

आप्पांनी हातातल्या टोपीची कड चाचपली. म्हणाले, “चलतीस काय गं, घरला?”

आक्का हसली. “दिवाळीला येतो की.”

परतताना घाटात करिया माझ्या मांडीवर शांत झोपला होता. दुसऱ्या सकाळी त्याने भाकरी खाल्ली, पाणी प्याला आणि मागाजवळच्या आपल्या जागी जाऊन आडवा झाला. मला त्याचा राग आला. इतक्यात कसा विसरला, असे वाटले. दिवाळीत आक्का आली तेव्हा त्याने शेपूट हलवली, तिला हुंगले आणि पुन्हा डोळे मिटले. आक्का कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, “सुटला बघ बिचारा.” तो नंतर पुष्कळ जगला, म्हातारा होऊन, तिथेच झोपेत गेला.

निपाणीतल्या त्या दुपारचे आक्काचे ‘मी एकटी बसतो’ हे वाक्य मात्र माझ्यात राहून गेले. आप्पा गेले, माग विकला, माझी नोकरी, आईचे दीर्घ आजारपण, या साऱ्यांतून मी ते जपत आले. आक्का कुठेतरी वाट पाहत बसलेली आहे, तिला एकदा परत आणायचे आहे. गेल्या महिन्यात मी त्याचसाठी निपाणीला गेले. तिचे यजमान वारलेत, मुले पुण्यात असतात. जेवण झाल्यावर मी म्हटले, “आक्का, चल ना माझ्याकडे. दोघी राहू. मलाही आता थकल्यासारखं होतं.”

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. “तू येत जा की. माझं घर हितं हाय गं.”

ती मला स्टँडवर सोडायला आली. गाडी सुटायला अवकाश होता. पण नळाला पाणी यायची वेळ झाली म्हणून ती निघालीसुद्धा. गुडघे दुखत असूनही तिच्या चालण्यात घराकडे जाणाऱ्या माणसाची लगबग होती. कोपऱ्यावर भाजीवालीशी दोन शब्द बोलून ती दिसेनाशी झाली. मी खिडकीशी बसून होते. इतकी वर्षे तिच्या वतीने मी जे दुःख सांभाळत आले, ते तिने केव्हाच खाली ठेवले होते. आणि गाडी हलली तरी मला कळेना, की आता ते मी कोणाचे म्हणून घेऊन चालले आहे.