पुस्तकांच्या कपाटामागचं दार

पेंटरची पन्नाशी उलटली, डोक्यावर चंद्र उगवला, तरी ताईच्या लेखी तो बारक्याच. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. आता तीच सगळं विसरत चालली होती, आणि बारक्यानं तिला वृद्धाश्रमात ठेवली होती. ठेवली कसली, टाकली! बायकोनं घरात घ्यायला साफ नकार दिला आणि या पठ्ठ्यानं नुसती मान डोलावली.

पण ताई तिथं टिकेना. दार दिसलं की हँडल ओढायची आणि घरी निघायची. दोनदा भर रस्त्यातून, गाड्यांच्या मधून धरून आणली. शेवटी तिथल्या मोठ्या सिस्टरनी बारक्याला बोलावून घेतलं.

"कुलूप लावलं तर दिवसभर दार बडवतात. तुम्ही पेंटर ना? दार दिसणारच नाही असं करा. नाहीतर घरी घेऊन जा."

घरी न्या म्हटल्याबरोबर स्वारी ब्रश घेऊन हजर!

आधी त्यानं दाराला भिंतीचाच पिवळा फासला. ताई आली, सरळ हँडलला हात घातला. तेव्हा याच्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस दार शोधतच नाही, हाताला धरायला काय आहे तेवढं शोधतो. मग त्यानं दार, चौकट, बाजूची भिंत मिळून एक सलग पुस्तकांचं कपाट रंगवलं आणि हँडल दोन पुस्तकांमधल्या काळ्या फटीत गडप केलं. मेल्यानं जन्मात एवढं मन लावून काम केलं नसेल.

ताई आली. पुस्तकांवरून हात फिरवला, हँडलवरूनही फिरवला, आणि मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसली.

"रमल्या बघा!" सिस्टर म्हणाल्या. बारक्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची शिसारीही आली.

पुढच्या रविवारी तो भेटायला गेला. ताई त्याला बघून हरखली नाही, घाबरली. कपाटाकडे बघितलं, खिडकीच्या गजांकडे बघितलं, आणि त्याचा हात घट्ट धरून कुजबुजली, "बारक्या, तू रे आत कसा आलास? इथं दारच नाहीये. तुलाही टाकलं का कुणी?"



निघायची वेळ झाली. त्याला बाहेर पडताना तिनं बघू नये, म्हणून सिस्टरनी तिची खुर्ची खिडकीकडे वळवली. बारक्यानं हात सोडवून घेतला आणि पाय न वाजवता कपाटापाशी गेला.

खिडकीकडे तोंड करून ताई त्याला समजावत होती, "रडायचं नाही हं. मी तुला सोडून कुठं जात नाही."