आबांच्या ओसरीवरच्या मुलाखती

बारामतीतल्या आमच्या गल्लीतून नव्वदच्या दशकात जो कोणी नोकरीला लागला, तो आधी शेजारच्या आबांच्या ओसरीवर नापास झालेला होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. नातवंडांनो, तुमचे बाबा तर तिथे नऊ वेळा नापास झाले. आबा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. आधी उसाने भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी, आणि फरक तेवढा ऊस. हे काम त्यांनी इतकी वर्षे केले होते की माणसेही ते तशीच तोलत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुले मुलाखतीच्या सरावासाठी त्यांच्याकडे येत. साहेबाला कोट असतो म्हणून आबा भर वैशाखात धोतरावर लोकरीचा कोट चढवून बसत. दाराला सायकलची घंटी बांधलेली असे. ती वाजल्याशिवाय आत यायचे नाही. मुलगा गुडघे जुळवून आपण किती कष्टाळू, किती जिद्दी, असे इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवी. आबा डोळे किलकिले करून ऐकत. "ही भरलेली गाडी झाली. आता गाडी वजा कर आन् ऊस किती, त्येवढाच सांग." मुलगा पुन्हा सांगे. "पाचट लई हाय अजून, नुसता वाळला पाला!" तिसऱ्या खेपेला बहुधा एखादेच वाक्य उरे, आणि ते खरे असे. आबांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण कुठल्या वाक्याला मुलगा कान खाजवतो ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. शेवटी आबांच्या पत्नी, आमच्या काकू, सगळ्यांना चहा देत आणि उमेदवाराने कप विसळून ठेवायचे, हा त्या घराचा नियम होता. तो आबांनाही लागू होता. कोट घालूनच ते मोरीवर बसत.

मी इंग्रजीची शिक्षिका. मला हा सगळा पोरखेळ वाटे. तुमच्या बाबांसाठी मी पन्नास प्रश्न आणि पन्नास उत्तरे वहीत लिहून काढली होती, वर अनुक्रमणिकाही घातली होती. तरी पुण्यातल्या दोन मुलाखतींत ते तोंड न उघडता परत आले. मग लोणी देवकरजवळ एका नव्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली. "ही गेली तर मी पुन्हा कुठेच अर्ज करणार नाही, आई," असे त्यांनी सांगून टाकले. माझा जीव धास्तावला आणि मी मुकाट्याने आबांकडे गेले.

"बाई, राग येऊ द्या न्हायतर न्हाय," आबा म्हणाले, "पोरगं बोलाय लागलं की तुमी मधीच चूक काढता. गाडी काट्यावर चढायच्या आत तुमी तिचं चाक काढताय!"

राग आला. पण त्या दिवसापासून मी गप्प बसले आणि तुमचे बाबा रोज ओसरीवर जाऊ लागले.

मुलाखतीच्या दिवशी इंदापूरकडची पहिली एसटी धरून ते गेले. समोर तीन साहेब. पहिल्याच प्रश्नाला नेहमीप्रमाणे गाडी अडली. तेवढ्यात चहा आला. चहा संपताच हा मुलगा उठला, चारही कप गोळा केले आणि खोलीबाहेर चालता झाला! ओल्या हातांनी परतला तेव्हा तिघेही दाराकडे बघत होते.

"कप कुठे नेलेत?"

"विसळायला, सर. बाहेरच्या नळावर ठेवलेत. बश्या राहिल्या."

तिघेही खो खो हसले, आणि का कोण जाणे, त्या हसण्यात याची जीभ सुटली. प्रयोगशाळेतले काय काय येते, असे विचारल्यावर याने पाचट काढून सांगितले, "तीन परीक्षणे नीट येतात. चौथे पाहिले आहे, हाताने केलेले नाही." चौथे इथे शिकाल, असे साहेब म्हणाले म्हणे. मी विश्वास ठेवला नाही. तीन आठवड्यांनी नेमणुकीचे पत्र हातात पडले, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून नुसती उभी राहिले.

संध्याकाळी आबा कोट घालून पत्र बघायला आले. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते न्याहाळले. मग तुमच्या बाबांना हळूच विचारले, "आता खरं सांग, तितं कसं इचारत्यात रं? मला मुकादमानं काट्याम्होरं हुबं केलं आन् म्हनला, लाग कामाला. मुलाखत म्या कवा बघितलीच न्हाय."

तुमचे बाबा हसले नाहीत. त्यांनी टेबलाच्या पलीकडे खुर्ची मांडली, आबांना बसवले आणि समोर बसून अदबीने विचारले, "आपलं नाव?"

आबांनी कोटाची वरची गुंडी लावली. कोटाच्या बाहीने कपाळावरचा घाम पुसला.

"जरा थांब रं," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. आता आम्हाला कसलीच घाई नव्हती.